नोटांचा दिवा, जस्ताचा पत्रा आणि चार एलईडी : प्रकाशविद्युत परिणाम स्वतः करून बघा

काही वर्षांपूर्वी एका रविवारी मी घासूनपुसून चकचकीत केलेल्या जस्ताच्या पत्र्यावर नोटा तपासायचा जांभळा दिवा रोखून पाऊण तास बसलो होतो. पत्र्याखाली बरणीतल्या विद्युतदर्शीची (विद्युतभार दाखवणाऱ्या उपकरणाची) पानं भारामुळे फाकलेली होती, आणि अतिनील प्रकाश पडून पत्र्यातले इलेक्ट्रॉन सुटले, भार उतरला की ती मिटायला हवी होती. मिटली नाहीत. मग तसलाच दुसरा दिवा आणला, मग तिसरा. तिन्ही एकदम लावले, तरी पानं जागची हलेनात. ‘यूव्हीच आहे ना हा?’ असं मी घेताना दुकानदाराला विचारलं होतं. तो ‘हो’ म्हणाला होता, आणि ते खरंही होतं.

संध्याकाळी वहीत एक साधा भागाकार केला तेव्हा कळलं की प्रयोग फसलेलाच नव्हता. एक दिवा पुरत नाही म्हणून तीन लावले तरी काही होत नाही, हाच तर प्रकाशविद्युत परिणामाचा, म्हणजे प्रकाश पडून धातूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचा, गाभा. तो मी पाऊण तास बघत बसलो होतो, ओळखला मात्र नव्हता. तुमचा रविवार वाचावा म्हणून ही सगळी रीत लिहून ठेवतो आहे.

आधी तो भागाकार

प्रकाश पदार्थाला ऊर्जा देतो ती सुट्या पुडक्यांत देतो. एका पुडक्याला फोटॉन म्हणायचं. त्यात किती ऊर्जा आहे हे फक्त रंगावर, म्हणजे वारंवारतेवर ठरतं. दिवा प्रखर केला तर पुडकी वाढतात, पुडकं मोठं होत नाही. हिशेब असा:

एका फोटॉनची ऊर्जा (इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेच्या चिमुकल्या एककात) = १२४० ÷ तरंगलांबी (नॅनोमीटरमध्ये)

हा १२४० पाठ करून टाका, पुढे सगळीकडे लागणार आहे. जस्तातून एक इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण ४.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. बारावीच्या पुस्तकातलं ‘वर्क फंक्शन’ ते हेच. १२४० ला ४.३ ने भागलं की २८८ येतात, म्हणजे २८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश हवा. नोटांचे दिवे ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांच्या एका फोटॉनमध्ये ३.१ ते ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच भरतात.

स्टेशनवरचं वजनाचं जुनं यंत्र आठवतं? त्याला ठरलेलंच नाणं लागायचं. खिसाभर चिल्लर असली तरी यंत्र ढिम्म. इथेही तसंच आहे, आणि यंत्राला चिल्लर साठवून ठेवायचीही सोय नाही. इलेक्ट्रॉनला एका वेळी एकच फोटॉन मिळतो. तो पुरेसा नसेल तर मिळालेली ऊर्जा क्षणात धातूत उष्णता होऊन विरते, पुढच्या फोटॉनची वाट बघत शिल्लक राहत नाही. (अतितीव्र लेझरच्या स्पंदात दोन-तीन फोटॉन एकदम लागून इलेक्ट्रॉन सुटतोही, पण तेवढी तीव्रता घरातल्या कुठल्याच दिव्याला जमत नाही.)

प्रकाश निव्वळ लाट असता तर काय झालं असतं, याचाही अंदाज काढून ठेवू. एक वॉट प्रकाश देणारा दिवा एक मीटरवर ठेवला तर अणूएवढ्या टिचभर जागेवर इतकी कमी ऊर्जा पडते, की दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट जमायला सुमारे दोन मिनिटं लागावीत. प्रत्यक्षात, रंग योग्य असेल तर इलेक्ट्रॉन नॅनोसेकंदांच्या आत बाहेर पडतो. थांबावंच लागत नाही.

गंमत अशी की लाटेच्या चित्राला पडलेली ही चीर पहिल्यांदा दिसली ती लाट सिद्ध करणाऱ्यालाच. १८८७ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे हाइनरिश हर्ट्झ विद्युतचुंबकीय लहरी पकडत होता. लहर आली की त्याच्या कड्यातल्या फटीत बारीकशी ठिणगी उडायची. ती नीट दिसावी म्हणून त्यानं फटीवर अंधारी पेटी घातली, तर ठिणगी आखूड झाली. लहर सोडणाऱ्या उपकरणातल्या ठिणगीचा अतिनील प्रकाश अडला की असं होतं, हे त्यानं चिकाटीनं शोधून काढलं. काच मध्ये धरली तर प्रकाश अडतो, क्वार्ट्झ धरलं तर अडत नाही, हेही त्यानंच पाहिलं. पुढच्याच वर्षी विल्हेल्म हालवाक्सनं जस्ताचा पत्रा आणि विद्युतदर्शी घेऊन तेच स्वच्छ करून दाखवलं. आपला दुसरा प्रयोग त्याचाच.

पहिला प्रयोग : एलईडीसमोर एलईडी

याची सुरुवात करायला पन्नासेक रुपये पुरतात आणि धोका शून्य. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर कुठल्याही गावातलं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. तिथून लाल, पिवळा, हिरवा आणि निळा असे पाच मिलिमीटरचे एलईडी घ्या. दुकानदाराला बजावून सांगा, ‘ट्रान्सपरंट पाहिजे’. म्हणजे विझलेला असताना पाण्यासारखा पारदर्शक दिसणारा. रंगीत प्लास्टिकचा नको, कारण ते प्लास्टिकच फिल्टरसारखं आड येतं. पांढराही नको. पांढरा एलईडी म्हणजे आत निळाच, वरून पिवळसर लेप दिलेला.

एलईडीत वीज सोडली की प्रकाश येतो. उलट दिशेनं, त्याच्यावर प्रकाश पाडला तर दोन पायांत थोडा व्होल्टेजही येतो. आतल्या अर्धवाहकात इलेक्ट्रॉनला एक पायरी चढावी लागते. लाल एलईडीत ती पायरी लहान असते, निळ्यात मोठी.

मल्टिमीटर २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि लाल एलईडीचे पाय त्याच्या दोन पिनांना लावा. खोलीत अंधार करा. आता हिरवा एलईडी पेटवून (९ व्होल्टची बॅटरी आणि मालिकेत ४७० ओहमचा रेझिस्टर) लाल एलईडीच्या डोक्याला डोकं भिडवा. मीटरवर आकडा उठेल. किती, ते मीटरवर आणि एलईडीवर अवलंबून आहे, त्याची फिकीर नको.

मग अदलाबदल करा. मीटरला निळा लावा आणि त्याच्यासमोर लाल पेटवा. शून्य. लाल एलईडी तीन लावा, हवं तर लाल लेझर पॉइंटर लावा (डोळ्यांकडे न वळवता). पाच मिलिवॉटचा लाल लेझर सेकंदाला दीडेक कोटी अब्ज फोटॉन ओततो. तरी शून्यच. शेवटी त्याच निळ्यासमोर दुसरा निळा एलईडी अगदी मंद पेटवून धरा. आकडा उठतो.

शुद्ध भाषेत याला प्रकाशविद्युत परिणाम म्हणणार नाहीत, कारण इलेक्ट्रॉन पदार्थाबाहेर येत नाही, आतच वरच्या पायरीवर जातो. पण उंबरठा दिसतो, आणि तोही निर्लेप. शाळेत मुलांना दाखवायचा असेल तर मी हाच निवडेन.

दुसरा प्रयोग : जस्त आणि विद्युतदर्शी

याच्या निम्म्या भागाला धोका आहे, तो त्या जागी सांगतो. आधी उपकरण.

शाळेत सुवर्णपत्र विद्युतदर्शी म्हणून शिकवतात तोच, फक्त सोन्याऐवजी अॅल्युमिनियमचा. लोणच्याची काचेची बरणी घ्या, धुऊन पूर्ण कोरडी करा. प्लास्टिकच्या झाकणाला भोक पाडून त्यातून जाड तांब्याची तार आत सोडा. भोकात तारेभोवती मेणबत्तीचं मेण ओता, म्हणजे विद्युतभार झाकणातून गळणार नाही. तारेच्या खालच्या टोकाला आकडा करून त्यात अॅल्युमिनियम फॉइलच्या चारेक सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या लटकवा. त्या घट्ट बसवायच्या नाहीत, नुसती फुंकर मारली तरी हलल्या पाहिजेत. वरच्या टोकाला जस्ताचा तळहाताएवढा पत्रा जोडा. पत्रा शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात मिळतो. तो नाही मिळाला तर जुन्या साध्या (अल्कलाइन नव्हे) सेलचं आतलं नळकांडं जस्ताचंच असतं. हातमोजे घालून ते उघडायचं, धुऊन सपाट करायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जे बहुतेक जण टाळतात: पत्रा बारीक पॉलिश पेपरनं घासून चमकवायचा, आणि तोही प्रयोगाच्या आधी लगेच. हवेत जस्तावर ऑक्साइडचा थर धरतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडणं मंदावतं. आदल्या रात्री घासून ठेवलेला पत्रा सकाळी पुन्हा घासायचा. शिकागोत रॉबर्ट मिलिकनला हीच डोकेदुखी होती. आइनस्टाइनचं १९०५चं समीकरण (सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा म्हणजे फोटॉनच्या ऊर्जेतून वर्क फंक्शन वजा) त्याला पटत नव्हतं आणि ते खोटं ठरवायच्या जिद्दीनं त्यानं वर्षानुवर्षं मोजमापं केली. सोडियमचा पृष्ठभाग ताजा राहावा म्हणून त्यानं काचेच्या निर्वात नळीच्या आतच धातू खरवडणारी फिरती सुरी बसवली होती, ती बाहेरून चुंबकानं चालवायचा. १९१६ मध्ये त्याचे आकडे आले ते आइनस्टाइनच्याच बाजूनं. आपल्याकडे पॉलिश पेपर आहे, तेवढं पुरे.

विद्युतभार द्यायला पीव्हीसीचा पाइप लोकरीच्या कापडावर जोरात घासा आणि पत्र्याच्या कडेवरून हळू ओढा. हा ऋण भार. पानं फाकतील. आता कुठलाही दिवा न लावता घड्याळ लावून बसा. पाच मिनिटांत पानं फारशी खाली आली नाहीत तरच पुढे जा. आली, तर भार ओलाव्यातून गळतो आहे. हेअर ड्रायरनं झाकण आणि मेण वाळवा. आणि कोकणात नाहीतर मुंबईत जून ते सप्टेंबर या प्रयोगाच्या नादी लागूच नका. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी सकाळ उत्तम.

मग एकेक दिवा आणा: साधा बल्ब, मोबाईलचा टॉर्च, नोटांचा जांभळा दिवा. प्रत्येकासमोर दोन मिनिटं थांबा. पानं नुसत्या गळतीपेक्षा जास्त मिटत नाहीत. घरी करायचं ते इथपर्यंतच.

पुढचा भाग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर. पाणी निर्जंतुक करायला वापरतात ती अतिनील नळी २५४ नॅनोमीटरचा प्रकाश देते. १२४० ला २५४ ने भागा: ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट, जस्ताच्या ४.३ पेक्षा जास्त. पण हाच प्रकाश डोळ्याच्या बुब्बुळाला आणि कातडीला भाजतो, आणि भाजतंय हे त्या वेळी कळतही नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. त्यामुळे घरातल्या प्युरिफायरमधली नळी उपसून बाहेर काढायचा उद्योग करू नये. नळी अपारदर्शक खोक्यात हवी, पत्र्याच्या बाजूला फक्त एक खिडकी, बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा, पूर्ण बाह्या, हातमोजे.

खिडकी उघडली की पानं काही सेकंदांत मिटायला लागतात. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो, खरंच. पाऊण तास तीन दिव्यांना जे जमलं नव्हतं ते या मिणमिणत्या निळसर नळीनं चुटकीसरशी केलेलं असतं.

इथे थांबू नका, दोन तपासण्या बाकी आहेत. एक, खिडकीसमोर साधी काच धरा. पानं मिटायची थांबतात, कारण साध्या काचेतून २५४ नॅनोमीटर पार होत नाही. निळसर उजेड मात्र तसाच दिसत राहतो. दोन, पत्र्याला धन भार द्या. त्यासाठी घासलेला पाइप पत्र्याजवळ आणायचा पण टेकवायचा नाही, पत्र्याला क्षणभर बोट लावायचं, आधी बोट काढायचं आणि मग पाइप. आता तीच नळी लावली तरी पानं मिटत नाहीत: सुटू पाहणाऱ्या ऋण इलेक्ट्रॉनला धन पत्रा परत ओढून घेतो. ही दुसरी तपासणी केली नाही तर कुणीही म्हणेल की नळीमुळे हवाच वाहक झाली असेल, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

तिसरा प्रयोग : प्लांकचा स्थिरांक, चार एलईडीतून

रंग आणि ऊर्जा यांचं नातं आहे हे झालं. आता ते नातं आकड्यात: फोटॉनची ऊर्जा म्हणजे वारंवारता गुणिले प्लांकचा स्थिरांक, आणि त्या ऊर्जेचा अंदाज एलईडीवरच्या व्होल्टेजवरून येतो. पहिल्या प्रयोगातलेच एलईडी घ्या, सोबत ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा पॉट (फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचा तीन पायांचा रेझिस्टर), १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडण्या करायची भोकांची पट्टी).

पॉटच्या कडेच्या दोन पायांना बॅटरीची दोन टोकं. मधल्या पायापासून रेझिस्टर, त्याच्या पुढे एलईडीचा लांब पाय, आखूड पाय बॅटरीच्या ऋण टोकाला. पॉट पूर्ण फिरला तरी रेझिस्टरमुळे एलईडी जळत नाही.

‘एलईडी पेटायला लागला की व्होल्टेज लिहा’ असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. मला ते पटत नाही. पेटला हे ठरवतो आपला डोळा, आणि डोळा हिरव्याला जितका तिखट तितका निळ्या-लालला नाही. त्याऐवजी सगळ्या एलईडींना एकच करंट द्या. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा आणि पॉट अलगद फिरवून आकडा १०.० मिलिव्होल्टवर आणा. १ किलोओहममधून १० मिलिव्होल्ट, म्हणजे १० मायक्रोअँपिअर. मग पॉटला हात न लावता मीटर २० व्होल्टच्या रेंजवर घेऊन एलईडीच्या दोन पायांतला व्होल्टेज टिपा. ९ व्होल्टला हजार ओहमचा पॉट बॅटरी बऱ्यापैकी खातो, तेव्हा मोजणी झाली की बॅटरी काढून ठेवा.

तरंगलांबी पुडीवर नाहीतर दुकानाच्या यादीत असते. ३,००,००० ला नॅनोमीटरनं भागलं की वारंवारता टेराहर्ट्झमध्ये येते. उदाहरणादाखल असे आकडे धरू:

लाल, ६२५ नॅनोमीटर, ४८० टेराहर्ट्झ : १.६८ व्होल्ट
पिवळा, ५९० नॅनोमीटर, ५०८ टेराहर्ट्झ : १.७८ व्होल्ट
हिरवा, ५२५ नॅनोमीटर, ५७१ टेराहर्ट्झ : २.१२ व्होल्ट
निळा, ४६५ नॅनोमीटर, ६४५ टेराहर्ट्झ : २.४२ व्होल्ट

आलेख कागदावर आडव्या अक्षावर वारंवारता, उभ्यावर व्होल्टेज. चारही बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी रेघ पट्टीनं ओढा आणि तिचा चढ काढा. वरच्या आकड्यांत लालपासून निळ्यापर्यंत व्होल्टेज ०.७४ नं वाढतो, वारंवारता १६५ नं. ०.७४ ÷ १६५ = ०.००४४८. याला १६०२ ने गुणा (हा इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, एककं जुळवून घेतलेला): ७.१८. म्हणजे ७.१८ गुणिले १० चा उणे ३४ वा घात, जूल-सेकंद. खरी किंमत ६.६२६, आणि २०१९ पासून ती व्याख्येनंच कायमची ठरवून टाकली आहे. आठेक टक्क्यांची चूक. ब्रेडबोर्डवरच्या कामाला हे छान म्हणायचं. वीस टक्क्यांच्या आत आलात तरी नाराज होऊ नका.

एकच एलईडी घेऊन व्होल्टेजला वारंवारतेनं भागलं तर? लालचं करून बघा: १.६८ ÷ ४८० × १६०२ = ५.६. चुकलं. एलईडीच्या आतली उष्णता, त्याच्या रंगाचा थोडाफार पसारा यांमुळे प्रत्येक व्होल्टेज अपेक्षेपेक्षा काही दशांशांनी कमी येतो. सगळ्या बिंदूंना साधारण सारखीच लागलेली ही खोट चढ काढताना वजा होते. लाल-पिवळ्याचा अर्धवाहक वेगळा आणि हिरव्या-निळ्याचा वेगळा, म्हणून ती पूर्ण जात नाही. उरते ती चूक तिथली.

कॉलेजच्या फोटोसेलवर

बी.एस्सी.ला असाल तर खरा प्रयोग टेबलावर मिळतो: निर्वात फोटोसेल, रंगीत फिल्टर, बारीक करंट दाखवणारं मीटर. कॅथोडवर (प्रकाश झेलणाऱ्या धातूवर) प्रकाश पडतो, इलेक्ट्रॉन सुटतात, आणि आपण उलटा व्होल्टेज वाढवत नेऊन त्यांना अडवतो. करंट शून्य झाला तो स्टॉपिंग पोटेन्शियल. फिल्टर बदलून पुन्हा मोजायचं, वारंवारतेविरुद्ध आलेख काढायचा, चढ वरच्यासारखाच.

उपकरण पंधरा मिनिटं आधी चालू करून ठेवा. झाकण बंद करून शून्य जुळवा आणि हे प्रत्येक फिल्टरला पुन्हा करा. खोलीतली ट्यूबलाइट बंद. करंट शून्याच्या खाली, उणे बाजूला जाताना दिसला तर घाबरू नका: विखुरलेला प्रकाश अॅनोडवरही (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या समोरच्या टोकावरही) पडतो आणि तिथूनही थोडे इलेक्ट्रॉन उलटे सुटतात. फिल्टर तोच ठेवून दिवा दूर नेऊन एकदा अवश्य मोजा. करंट घटतो, स्टॉपिंग पोटेन्शियल जवळजवळ तिथेच राहतो. हेच १९०२ मध्ये फिलिप लेनार्डनं पाहिलं होतं, आणि आइनस्टाइनला १९२१चं नोबेल मिळालं त्याच्या प्रशस्तिपत्रात नाव प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचं आहे, सापेक्षतेचं नाही.

आलेखाची रेघ उभ्या अक्षाला खाली जिथे छेदते तो आकडा ‘कॅथोडचं वर्क फंक्शन’ म्हणून जर्नलमध्ये लिहायची पद्धत आहे. ते चूक आहे. कॅथोड आणि अॅनोड वेगवेगळ्या धातूंचे असल्यानं त्यांच्यात मुळातच एक संपर्क विभवांतर (जोडल्यामुळे आपोआप आलेला व्होल्टेजचा फरक) असतं. ते हिशेबात धरलं की कॅथोडचं वर्क फंक्शन समीकरणातून गळून पडतं आणि छेद दाखवतो अॅनोडचं. व्हायव्हात हे सांगायचं असेल तर कागदावर दोन ओळींत मांडून न्या. नुसतं तोंडी सांगितलं तर परीक्षक मॅन्युअल उघडतात आणि मॅन्युअलमध्ये कॅथोडच लिहिलेलं असतं.